नामदारांचा ताळेबंद

गुहागर म्हटले की व्याडेश्वराचे देऊळ, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि लांबच लांब समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो. याच तालुक्यातील कोतळूक या गावी, आजोळी, ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. महात्मा गांधींचे राजकीय गुरू, नेमस्तांचे अग्रणी, भारत सेवक समाजाचे संस्थापक या नात्यांनी नामदार गोखले सर्वांना परिचित आहेत. सार्वजनिक पैशाचा हिशेब कसा मागावा आणि कसा द्यावा, हेही त्यांनी या देशाला शिकविले. त्यांच्या चरित्राचा हा पैलू मात्र पुण्यतिथीच्या भाषणांत क्वचितच येतो.

आज त्याची आठवण होण्यास कारण आहे. लस, औषधे आणि रोगनिदानाची साधने यांच्या संशोधनाला लागणारा पैसा एकट्या सरकारच्या तिजोरीतून निघणार नाही. उद्योगपतींनी, धर्मादाय निधींनी आणि सरकारने तो मिळून उभा करावा, हा विचार आता जगभर मान्य झाला आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये याच हेतूने स्वतंत्र कंपनी स्थापन केली. करोनाच्या साथीत तर अशा भागीदारीवाचून गत्यंतरच नव्हते. परंतु भागीदारी म्हटली की तीन प्रश्न ओघानेच येतात. भांडवल कोणी किती घातले? फळ कोणाच्या पदरात किती पडले? आणि हिशेब कोणी कोणाला दिला? गोखले वैद्य नव्हते की शास्त्रज्ञ नव्हते. परंतु त्यांचे सारे आयुष्य याच तीन प्रश्नांभोवती फिरत राहिले, आणि अखेरीस ज्या रोगावर औषध नव्हते त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला.

गोखल्यांचे वडील कृष्णराव हे कोल्हापूर संस्थानातील कागल येथे कारकून होते. पुढे ते फौजदार झाले. १८७९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालत असे. दुसऱ्याच्या त्यागातून आलेला पैसा कसा खर्चावा, याचे शिक्षण गोखल्यांना या आठ रुपयांनी दिले. त्यांतील एक पैही वावगी खर्च होऊ नये यासाठी ते कोल्हापुरात स्वतःवर जी बंधने घालून घेत, तीच पुढे साम्राज्याच्या कायदे मंडळात त्यांची शिस्त ठरली.

कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे शिकून १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. मोठ्या पगाराची नोकरी किंवा वकिली यांचा मार्ग मोकळा असता ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन वीस वर्षे अल्प वेतनावर अध्यापन करण्याच्या व्रताने बांधले गेले. ही संस्थाच मुळी भागीदारीचा एक प्रयोग होता. संस्थानिकांच्या व नागरिकांच्या देणग्या, सरकारी अनुदान आणि अध्यापकांनी सोडून दिलेला पगार या तिन्हींच्या आधारावर १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. संस्थेचे चिटणीस या नात्याने गोखले सुटीच्या दिवसांत गावोगाव फिरून इमारतीसाठी वर्गणी गोळा करीत. दाराशी आलेल्या या तरुण प्राध्यापकाला नकार देणारे भेटले, अपमान करणारेही भेटले. परंतु दिलेल्या पैशाचे काय झाले असा प्रश्न विचारण्याची वेळ त्यांनी कोणावर येऊ दिली नाही.

तथापि संस्थेतला पहिला मोठा वाद पैशावरूनच पेटला, आणि त्यात एका बाजूला गोखले होते. आजीव सदस्यांनी आपली सर्व शक्ती संस्थेलाच वाहिली पाहिजे, बाहेरची कामे व बाहेरची प्राप्ती यांना व्रतात जागा नाही, अशी लोकमान्य टिळकांची भूमिका होती. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे काम पत्करले, ते टिळकांना मान्य नव्हते. मतभेद विकोपाला जाऊन टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे शाळाशाळांतून चालले आणि त्याच्या उत्पन्नाचा त्यांना आधार झाला. या वादात न्याय कोणाच्या बाजूला होता, यावर शंभर वर्षे मतभेद आहेत. परंतु प्रश्न मूलभूत होता. सार्वजनिक संस्थेच्या आश्रयाने काम करणाऱ्याच्या बुद्धीतून जे उत्पन्न निर्माण होते, ते त्याचे की संस्थेचे? आज सरकारी प्रयोगशाळेतील शोधाची रॉयल्टी कोणी घ्यावी यावर जी चर्चा होते, तिचे मूळ रूप पुण्यातल्या त्या भांडणात दिसते. टिळकांनी तो प्रश्न काम सुरू असतानाच धसास लावला. आपण तो बहुधा काम संपल्यावर विचारतो.

गोखल्यांना आकड्यांची दृष्टी दिली ती न्यायमूर्ती रानड्यांनी. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके, आयातनिर्यातीची कोष्टके ही रानड्यांच्या पाठशाळेतील क्रमिक पुस्तके होती. लिहिलेल्या मजकुरातील प्रत्येक आकडा तपासून घ्यावा लागे आणि चूक निघाल्यास सारे पुन्हा लिहावे लागे. या तयारीचा कस १८९७ मध्ये लागला. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले, आणि तिशीतल्या या प्राध्यापकाने मुरलेल्या अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीला तोंड दिले. लष्करावर किती खर्च होतो आणि शिक्षण व आरोग्य यांच्या वाट्याला किती येते, ही तुलना त्यांनी तेथे मांडली आणि पुढे आयुष्यभर सोडली नाही.

गोखले विलायतेत असताना इकडे प्लेगने थैमान घातले होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत रोग प्रकट झाला आणि ऑक्टोबरात डॉ. वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत, मोजक्या साहाय्यकांच्या मदतीने त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हे महाविद्यालयही भागीदारीतूनच झालेले होते. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी जमविलेल्या निधीला सरकारने जोड दिली होती. आणि शेजारच्या रुग्णालयासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांनी एक लाख रुपये देऊ करताना कंपनी सरकारनेही तेवढीच रक्कम घालावी असा आग्रह धरला होता. हाफकिन यांचे काम वाढले तेव्हा आगाखानांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली, स्वतः लस टोचून घेतली आणि आपल्या हजारो अनुयायांना टोचून घेण्यास उद्युक्त केले. १८९९ मध्ये सरकारने परळचे जुने राजभवन प्रयोगशाळेला दिले. आजची हाफकिन संस्था ती हीच. धनिकाने पहिल्या अडचणीच्या वेळी हात द्यायचा आणि काम सिद्ध झाल्यावर सरकारने त्याला कायमचे घर द्यायचे, असा हा क्रम होता.

पुण्यात मात्र नेमके उलटे घडले. रँडसाहेबांच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी केलेल्या घरझडत्यांनी लोक हादरून गेले. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी विलायतेच्या वृत्तपत्रात शिपायांच्या अत्याचारांची वार्ता दिली. ते परत येईपर्यंत रँडचा खून झालेला होता आणि पत्रे लिहिणारी माणसे पुढे यावयास तयार नव्हती. पुराव्यावाचून आरोप टिकणार नाही, हे पाहून गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीने त्यांची लोकप्रियता धुळीस मिळाली. भ्याड, सरकारधार्जिणे ही विशेषणे त्यांना चिकटली. त्यांनी प्रतिवाद केला नाही. पुढच्या साथीत ते स्वयंसेवक घेऊन प्लेगग्रस्तांच्या सेवेस लागले.

या प्रसंगाचा अर्थ केवळ राजकीय नाही. लस तयार होती, पैसा होता, अधिकारही होता. परंतु ज्यांच्या जिवासाठी हे सारे चालले होते त्यांना कोणी विश्वासात घेतले नव्हते. म्हणून लोक रोगाइतकेच उपायालाही भिऊ लागले. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा तर हाफकिन यांच्या कार्यावरच घाला आला; त्यांच्यावरचा दोषारोप दूर होण्यास अनेक वर्षे लागली. आरोग्याच्या कामात सरकार व धनिक यांच्या जोडीला सामान्य जनता हा तिसरा भागीदार असतो आणि त्याचे भांडवल म्हणजे विश्वास. हे भांडवल एकदा बुडाले की बाकीच्या दोघांचे पैसे निरुपयोगी ठरतात.

१९०२ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी वरिष्ठ कायदे मंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सलग काही वर्षे तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक पडत होती आणि सरकार ती समृद्धीची खूण म्हणून मिरवीत होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या देशात ही शिल्लक समृद्धीची नसून गरजेपेक्षा अधिक कर वसूल केल्याची साक्ष आहे, असे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. त्यामुळे गरिबाच्या अन्नातले मीठ कमी झाले आहे, हा आरोग्याचाच प्रश्न आहे, असा त्यांचा दावा होता. १९०३ मध्ये तो कर दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. गुहागरच्या किनाऱ्यावर मासळी खारविणाऱ्या माणसाला या वजाबाकीचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शिल्लक पैसा कोठे खर्च व्हावा, याचेही त्यांचे उत्तर ठरलेले होते: प्राथमिक शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य. पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळल्यामुळे शहराच्या गटारांची व नळांची स्थिती त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होती. स्वच्छ पाणी व सांडपाण्याची व्यवस्था यांवाचून प्लेग-कॉलऱ्याशी झगडणे व्यर्थ आहे; तो खर्च नगरपालिकांना एकट्याने पेलणार नाही; म्हणून मध्यवर्ती तिजोरीने आपला वाटा उचलला पाहिजे, हा मुद्दा त्यांनी दरसाल अंदाजपत्रकाच्या वेळी मांडला. दाद हळूहळू लागत गेली. १९११ मध्ये सरकारने पाच लाख रुपयांच्या अनुदानाने वैद्यकीय संशोधनासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. १९४९ मध्ये तिचेच नाव भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद असे झाले. ती काही गोखल्यांची निर्मिती नव्हे. परंतु शिल्लक ही जनतेची असते आणि ती जनतेच्या आरोग्याकडे वळली पाहिजे, हा विचार कलकत्त्याच्या त्या सभागृहात त्यांनी दहा वर्षे जागता ठेवला होता.

याच काळात मोठ्या भागीदारीचे एक उदाहरण आकार घेत होते. जमशेटजी टाटांनी १८९८ मध्ये संशोधनाच्या विद्यापीठासाठी आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा देऊ केला. योजनेची आखणी करणारे बर्जोरजी पादशहा हे गोखल्यांचे स्नेही होते. मूळ आराखड्यात वैद्यकाचाही विभाग होता. तो पुढे गळला. सरकारने चौकशांमागून चौकशा केल्या, आणि दात्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९०९ मध्ये, संस्थेला मान्यता मिळाली. टाटांची मिळकत, म्हैसूर संस्थानाची जमीन व पैसा आणि मध्यवर्ती सरकारचे वार्षिक अनुदान असा तिघांचा वाटा त्यात होता. प्रत्येकाचा वाटा किती व अधिकार कोणता, हे आधी लिहून ठरले, म्हणून ती संस्था टिकली. परंतु सरकारला दान स्वीकारण्यास अकरा वर्षे लागली, हेही विसरता येत नाही. अशा भागीदारीत कासवगतीचा दोष नेहमी एकाच बाजूला असतो असे नाही. पण तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती असतात त्याच्याकडे तो अधिक असतो.

धनिकांकडून पैसा घेण्यास गोखल्यांनी कधी संकोच केला नाही. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या लढ्यासाठी सर रतन टाटांनी १९०९ मध्ये पंचवीस हजार रुपये दिले आणि पुढेही देत राहिले. त्या खर्चाचा तपशील गांधीजींनी दात्याला पत्र लिहून कळविला. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या भारत सेवक समाजालाही देणग्यांचाच आधार होता. देणगी मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही, मात्र ती घेतल्यावर हिशेब चुकविता येणार नाही, ही त्या संस्थेची रीत होती.

गोखल्यांच्या विचाराचे सर्वांत स्पष्ट रूप त्यांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात दिसते. १९११ च्या मार्चमध्ये मांडलेल्या या विधेयकात खर्चाची वाटणी होती: एक तृतीयांश स्थानिक संस्थेने सोसावा, दोन तृतीयांश सरकारने. ज्याच्या दारात शाळा आहे त्याने काही भार उचलावा, म्हणजे त्याला तिची काळजी वाटेल. आणि ज्याच्याकडे साधने अधिक आहेत त्याने अधिक द्यावे, म्हणजे गरीब गाव मागे राहणार नाही. सरकारी सभासदांनी विरोध केला, जमीनदारांनी विरोध केला, आणि १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांना या पराभवाचा विस्मय वाटला नाही. आपली पिढी अपयशातूनच देशाची सेवा करणार, याची त्यांना पूर्ण कल्पना होती.

देह मात्र थकत चालला होता. मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. त्या काळी या रोगावर आहाराचे निर्बंध आणि विश्रांती यांपलीकडे उपाय नव्हता, आणि विश्रांती हा शब्द गोखल्यांच्या दिनक्रमात नव्हता. १९१२ च्या उत्तरार्धात त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दगदगीचा दौरा केला. तेथे गांधीजींनी त्यांची शुश्रूषा केली. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाच्या कामासाठी विलायतेच्या खेपा चालूच होत्या. १९१४ मध्ये प्रकृतीसाठी ते फ्रान्समध्ये गेले असताना महायुद्ध सुरू झाले आणि ते पॅरिसमध्ये अडकून पडले. सरदारकीचा किताब त्यांनी त्याच वर्षी नाकारला होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

त्यानंतर सात वर्षांच्या आत, १९२२ च्या जानेवारीत, कॅनडातील टोरोंटो येथे मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिन टोचण्यात आले. बँटिंग आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये लावलेला हा शोध होता. प्रयोगशाळेत थोडे औषध तयार करणे निराळे आणि लाखो रोग्यांना पुरेल इतके करणे निराळे. तो पल्ला विद्यापीठाला एकट्याने गाठता येईना. तेव्हा अमेरिकेतील एली लिली या औषध कंपनीशी करार झाला. परंतु तत्पूर्वी व त्यानंतर ज्या अटी ठरल्या त्या ध्यानात घेण्याजोग्या आहेत. संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. कंपनीला एकाधिकार मिळाला तो केवळ वर्षभराच्या प्रायोगिक काळापुरता. पुढे इतर कंपन्यांनाही परवाने द्यावयाचे होते. तयार औषधाची प्रत तपासण्याचा अधिकार विद्यापीठाने आपल्याकडे ठेवला आणि आलेली रॉयल्टी पुन्हा संशोधनात घातली. कंपनीने नफा मिळविला, विद्यापीठाचे संशोधन वाढले आणि जगभरचे रोगी वाचले. गोखल्यांच्या वाट्याला हे आले नाही. पण आरोग्याच्या शोधाचा करार कसा असावा, याचा हा नमुना त्यांच्या शिस्तीशी जुळणारा आहे.

महाराष्ट्रात असे नमुने घडलेच नाहीत असे नाही. दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीने १९४१ मध्ये मुंबईत कर्करोगाचे रुग्णालय उघडले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. आज देशभरातील गरीब रोगी तेथे येतो आणि संशोधनही चालते. पुण्यात १९५२ मध्ये अनुसंधान परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा त्या रोगाचा विषाणू याच केंद्राने शोधून काढला. रॉकफेलरचा आधार १९६७ मध्ये संपला. केंद्र मात्र राहिले आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. परकीय दात्याने उभे करून द्यावे व निघून जावे, आणि मागे राहिलेली ज्ञानाची मिळकत देशाची असावी, यापेक्षा चांगला करार कोणता?

आणि वाईट करार कसा असतो, तेही गोखल्यांच्या जन्मतालुक्यानेच पाहिले. विषय विजेचा होता, आरोग्याचा नव्हता. परंतु धडा एकच आहे. गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूर परिसरात एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प उभारण्याचे १९९२ मध्ये ठरले आणि १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाशी करार झाला. दर डॉलरशी बांधलेला होता; वीज उचलली नाही तरी मोठी रक्कम देणे मंडळाला भाग होते; आणि ज्यांनी अखेर बिल भरावयाचे त्या जनतेसमोर अटी प्रारंभी आल्याच नाहीत. करार एकदा मोडला, पुन्हा जोडला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली, त्याच वर्षाअखेर मूळ कंपनीचे दिवाळे वाजले, आणि २००५ मध्ये सार्वजनिक उद्योगांना पुढे होऊन तो प्रकल्प सावरावा लागला. लाभाची हमी एकाला आणि जोखीम दुसऱ्याला, अशी वाटणी झाली की त्या भागीदारीत भागीदारीचे केवळ नाव उरते.

अशा पार्श्वभूमीवर करोनाच्या लशीचा अनुभव संमिश्र आहे. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा केला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. लस घडविली व तयार केली ती हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने. वर्षभराच्या आत लस हाती आली, हे या जोडीचे निर्विवाद यश होय. परंतु निव्वळ विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी अनुसंधान परिषदेला मिळणार, ही अट सर्वांना स्पष्टपणे कळली ती २०२१ च्या जुलैत संसदेत विचारणा झाल्यावर. पेटंटच्या अर्जात परिषदेचे नाव सहमालक म्हणून नव्हते. ते अनवधानाने राहिले, घालण्यात येईल, असे कंपनीने २०२४ मध्ये सांगितले. अनवधान मान्य केले तरी प्रश्न उरतोच. सरकारी भागीदाराचे कागद कोणी वाचत होते काय? गोखल्यांच्या हाती सरकारने छापलेल्या पत्रकांवाचून दुसरे साधन नव्हते. तरी त्यांतून त्यांनी तिजोरीचे अंतरंग उघडे केले. आजच्या विधिमंडळांना व संसदेला साधनांची वाण नाही.

खासगी भांडवलाविषयी संशय बाळगून भागणार नाही. नव्या औषधाचा शोध दहादहा वर्षे चालतो आणि बहुधा फसतो. ती जोखीम घेणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु भांडवल जेथे परतावा दिसतो तेथेच जाते, हा त्याचा धर्म आहे. कोकणातील शेतकऱ्याला भातखाचरात होणारा लेप्टोचा ताप, विंचवाचा व सापाचा दंश, किंवा क्यासनूरच्या जंगलातून सरकत २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात पोहोचलेला माकडताप यांत कोणत्या कंपनीला मोठा बाजार दिसणार? अशा रोगांच्या संशोधनात दोन तृतीयांश वाटा कोणाचा असावा, याचे उत्तर १९११ च्या त्या विधेयकातच आहे. जेथे नफा नाही तेथे तिजोरीने पुढे व्हावे. जेथे नफा आहे तेथे तिजोरीने आपला वाटा मागून घ्यावा. आणि दोन्हीकडे करार छापून लोकांपुढे ठेवावा.

गोखल्यांच्या पद्धतीला त्यांच्या हयातीतच लोक कंटाळले होते. आकडे मांडावयाचे, नकार ऐकावयाचा आणि पुढच्या वर्षी अधिक तयारीने तेच मांडावयाचे, यात टाळ्यांना जागा नसते. परंतु मिठाचा कर उतरला तो याच रीतीने, आणि सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा १९१२ मध्ये हरला तो हक्क म्हणून २००९ मध्ये संसदेने मान्य केला. कागलच्या एका कारकुनाचा मुलगा, पुण्यातला एक गणित शिकविणारा मास्तर, बलाढ्य सरकारला अंदाजपत्रकाच्या दिवशी अस्वस्थ करू शकला, कारण त्याने सरकारचेच कागद सरकारपेक्षा अधिक काळजीने वाचले होते. आरोग्यसंशोधनाचे करार आज मंत्रालयांच्या व कंपन्यांच्या कपाटांत आहेत. ते वाचण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. वडील भावाने पाठविलेल्या आठ रुपयांचा हिशेब ठेवणाऱ्या विद्यार्थ्याची सवय तेवढी लागते.